अर्ली पोझिशनमधून रेज केल्यावर थ्री-बेट आली, तर कॉल कधी करायचा?

नो-लिमिट होल्डेममध्ये तुम्ही पहिल्या जागेवरून, म्हणजे अंडर द गनवरून, रेज केलंत आणि मागून कुणीतरी ते पुन्हा वाढवलं. ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधीच सक्तीने लावलेली रक्कम, ही पहिली बेट, तुमचं रेज दुसरी, म्हणून हे रीरेज झालं थ्री-बेट. आता तीन वाटा उरतात: पानं टाकणं म्हणजे फोल्ड, आणखी वाढवणं म्हणजे फोर-बेट, किंवा तेवढीच रक्कम घालून म्हणजे कॉल करून फ्लॉप, टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं, बघणं. पहिल्या दोन वाटा तुलनेने सोप्या आहेत. गोंधळ होतो तो तिसरीवर, कारण नवा खेळाडू आधी आपली पानं बघतो, ती देखणी वाटली की कॉल करतो, आणि बाकीचा विचार फ्लॉप उघडल्यावर सुरू करतो. क्रम उलटा हवा. थ्री-बेट कुठल्या जागेवरून आली, किती मोठी आहे, ती कुणी केली, आणि मग तुमची पानं. तीच एकरंगी राजा-गुलाम एका जागेविरुद्ध चांगला कॉल असते आणि दुसऱ्या कुणाविरुद्ध सरळ फोल्ड.

पुढचे आकडे सहा जणांच्या टेबलासाठी, प्रत्येकाकडे १०० बिग ब्लाइंड आणि अँटी, म्हणजे डावाआधी भरायची जादा रक्कम, नाही, असं धरून दिले आहेत. बिग ब्लाइंडला बीबी म्हणू. स्मॉल ब्लाइंड अर्धा बीबी, तुमचं रेज २.५ बीबी.

पहिली पायरी: जागा बघा

अर्ली पोझिशन म्हणजे कायम आधी बोलावं लागणारी वाईट जागा, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. थ्री-बेट बटनवरून (डीलरची जागा) किंवा कटऑफवरून (तिच्या आधीची जागा) आली, तर फ्लॉप, टर्न (चौथं पान) आणि रिव्हर (पाचवं पान) या तिन्ही फेऱ्यांत तुम्ही आधी बोलणार. तीच थ्री-बेट स्मॉल किंवा बिग ब्लाइंडमधून आली, तर आधी तो बोलणार आणि तुम्ही त्याची चाल बघून ठरवणार. दोन्हीकडे तुमची जागा पहिलीच, पण डाव वेगळे.

आधी बोलणाऱ्याला आपल्या पानांची पूर्ण किंमत वसूल करता येत नाही. तुम्ही चेक करता, म्हणजे काही न लावता पुढे पाठवता, तो बेट करतो, तुमच्याकडे मधलीच जोडी असते आणि तुम्ही पानं टाकता. कधी कधी तीच जोडी पुढे असते. किंवा तुमचा फ्लश ड्रॉ आहे, म्हणजे एका रंगाची चार पानं आहेत आणि पाचवं यायचं आहे, आणि पुढचं पान फुकट हवं आहे, पण ते द्यायचं की नाही हे तो ठरवतो. म्हणून इक्विटी, म्हणजे सगळी पानं उघडेपर्यंत डाव चालला तर तुमच्या वाट्याला येणारा पॉटचा हिस्सा, ३६ टक्के असली तरी आधी बोलताना प्रत्यक्षात तेवढी हाती लागेल असं धरू नका.

दुसरी पायरी: किंमत मोजा

बटनने ७.५ बीबी केले आणि दोन्ही ब्लाइंडनी पानं टाकली. पॉटमध्ये तुमचे २.५, त्याचे ७.५ आणि ब्लाइंडचे १.५, एकूण ११.५. तुम्हाला आणखी ५ घालायचे आहेत. ५ भागिले १६.५ म्हणजे ३० टक्के. किमान एवढा हिस्सा खरोखर हाती यायला हवा.

आता बिग ब्लाइंडने ११ बीबी केले असं धरा. पॉट १४, तुमचा कॉल ८.५, म्हणजे ८.५ भागिले २२.५, जवळजवळ ३८ टक्के. ब्लाइंडमधला खेळाडू पुढे आधी बोलणार असतो, म्हणून तो थ्री-बेट मोठी करतो आणि तुमच्या चांगल्या जागेची किंमत आगाऊ वसूल करतो. ‘पोझिशन आहे, म्हणून काहीही कॉल करू’ हा हिशोब इथेच फसतो.

साइझ बदलली की उत्तरही बदलतं. बटनने ७.५ ऐवजी १२ केले, तर ९.५ घालून २५.५ च्या पॉटसाठी खेळायचं, म्हणजे ३७ टक्के लागतात आणि पोझिशनही नाही. अशा वेळी कॉलची यादी निम्म्यावर आणा. उलट कुणी अगदी कमीत कमी, म्हणजे ४ बीबीपर्यंतच वाढवलं, तर १.५ घालून ९.५ च्या पॉटसाठी खेळायला मिळतं, गरज फक्त १६ टक्क्यांची. त्या किमतीला तुम्ही उघडलेली जवळजवळ सगळी पानं चालू ठेवता येतात.

तिसरी पायरी: समोरच्याच्या हातात काय असू शकतं

पहिल्या जागेवरच्या रेजला लोक मान देतात, कारण तिथली रेंज, म्हणजे ज्या पानांवर खेळाडू ती चाल करतो त्यांची यादी, टेबलावर सर्वांत घट्ट, मोजक्या मजबूत पानांची असते. म्हणून तिच्याविरुद्ध येणारी थ्री-बेटही सहसा घट्टच असते, कमी रकमांच्या टेबलांवर तर फारच. एखादा खेळाडू फक्त राणी, राजा, एक्का यांच्या जोड्या आणि एक्का-राजा यांवरच थ्री-बेट करतो असं धरा. जोडी ६ प्रकारे येते, एकरंगी दोन पानं ४ प्रकारे, वेगळ्या रंगांची १२ प्रकारे. त्याच्याकडे १८ जोड्या आणि १६ एक्का-राजा, एकूण ३४ कॉम्बो, म्हणजे दोन पानांच्या जुळण्या, झाल्या. सगळ्या १,३२६ कॉम्बोंपैकी हे २.६ टक्के.

या रेंजविरुद्ध गुलामांच्या जोडीची इक्विटी ३६ टक्क्यांच्या आसपास आहे. बटनविरुद्ध ३० लागतात, म्हणजे कागदावर कॉल बसतो. पण आधी बोलण्यामुळे त्या हिश्श्याचा पाचवा भाग निसटला, तर उरतात २९ टक्के, आणि कॉल काठावर येतो. तोच खेळाडू बिग ब्लाइंडमध्ये असेल आणि ११ करत असेल, तर ३८ लागतात आणि पोझिशन असूनही फोल्ड अगदी योग्य ठरतो. गुलामांची जोडी फ्लॉपआधी टाकणं नव्या खेळाडूला जिवावर येतं, पण अशा खेळाडूविरुद्ध ती टाकायला शिकाच.

आता दुसरा खेळाडू घ्या. तो दश्शीच्या जोडीपासून वर, एक्का-राजा, एकरंगी एक्का-राणी, एकरंगी राजा-राणी आणि ब्लफ म्हणून एकरंगी एक्का-पाच, एक्का-चार अशी रेंज थ्री-बेट करतो. त्याच्याविरुद्ध गुलामांच्या जोडीची इक्विटी ४८ टक्क्यांच्या जवळ जाते. पानं तीच, किंमत तीच, पण आता कॉलबद्दल शंकाच नाही.

माहिती नसेल तर काय धरायचं? कमी रकमांवर, अनोळखी खेळाडूची पहिल्या जागेविरुद्धची थ्री-बेट पहिल्या प्रकारच्या जवळची धरा. आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर एकूण थ्री-बेट टक्केवारीवर विसंबू नका. एखादा बटनविरुद्ध १२ टक्के थ्री-बेट करतो आणि तुमच्या जागेविरुद्ध ४. ही जागेनुसारची आकडेवारी विश्वासाची व्हायला खूप डाव लागतात.

याच्या उलट बाजूलाही खड्डा आहे. प्रत्येक थ्री-बेटला घाबरून फक्त गुलामांच्या जोडीपासून वर आणि एक्का-राजा एवढंच चालू ठेवलंत, तर काय होतं ते मोजून बघू. पहिल्या जागेवरची एक वाजवी रेंज अशी: सहाच्या जोडीपासून सगळ्या जोड्या, सगळे एकरंगी एक्के, वेगळ्या रंगांतले एक्का-गुलाम, एक्का-राणी, एक्का-राजा आणि राजा-राणी, आणि एकरंगी राजा-दश्शी, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-नऊ व त्यांच्या वरची. हे १७८ कॉम्बो होतात. त्यांपैकी तुम्ही ४० चालू ठेवता, म्हणजे जवळजवळ ७८ टक्के वेळा पानं टाकता. बटन ७.५ घालून ४ जिंकायला बघतोय. तुम्ही आणि ब्लाइंड मिळून ६५ टक्क्यांहून जास्त वेळा पानं टाकली, की त्याला कुठल्याही दोन पानांवर नफा. घट्ट खेळाडू हे करत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध जास्त टाकणं बरोबर. जो हे ओळखून दर फेरीला थ्री-बेट करू लागतो, त्याच्यापुढे मात्र यादी वाढवावीच लागते.

चौथी पायरी: आता तुमची पानं

वरच्या १७८ कॉम्बोंच्या रेंजवरून, साधारण समतोल खेळणाऱ्या बटनविरुद्ध ७.५ बीबीला सुरुवातीची आखणी अशी ठेवा.

एक्क्यांची आणि राजांची जोडी फोर-बेट करा, २० ते २२ बीबीपर्यंत. कॉल करून त्या लपवण्याचा मोह होतो. पण कमी रकमांवर लोक फोर-बेटला गरजेपेक्षा जास्त कॉल करतात, मग पैसे लगेच आत का घालू नयेत? एकरंगी एक्का-राजाही फोर-बेट. वेगळ्या रंगांचा एक्का-राजा निम्म्या वेळा फोर-बेट, निम्म्या वेळा कॉल. अगदी घट्ट खेळाडूविरुद्ध तो फक्त कॉल करा: त्या ३४ कॉम्बोंच्या रेंजविरुद्ध त्याची इक्विटी ३९ टक्क्यांच्या आसपास आहे, सगळे पैसे आत घालण्याइतकी नाही. ब्लफ म्हणून फोर-बेट करायची असेल, तर एकरंगी एक्का-पाच घ्या. तुमच्या हातातल्या एक्क्यामुळे त्याच्याकडच्या एक्क्यांच्या जोड्या ६ वरून ३ वर येतात, आणि कॉल झालाच तर स्ट्रेट किंवा फ्लश लागण्याची सोय राहते. मात्र पानं न टाकणाऱ्या खेळाडूविरुद्ध ही ब्लफ करू नका.

कॉलचा गाभा म्हणजे राणीपासून आठपर्यंतच्या जोड्या, एकरंगी एक्का-राणी, एक्का-गुलाम आणि एक्का-दश्शी, एकरंगी राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम आणि गुलाम-दश्शी. फोर-बेट धरून हे सगळे साधारण ९० कॉम्बो होतात, म्हणजे उघडलेल्या रेंजचा अर्धा भाग. टेबलावरची रेक, म्हणजे पॉटमधून आयोजक कापून घेतो ती रक्कम, जड असेल, तर यादीच्या तळातली पानं, म्हणजे आठची जोडी, राणी-गुलाम आणि एक्का-दश्शी, आधी काढा. बहुतेक टेबलांवर फ्लॉप उघडला तरच रेक कापली जाते, म्हणजे कॉल करणाऱ्याला ती नेहमी भरावी लागते.

फोल्डमध्ये नव्यांना सर्वांत जड जाणारी पानं म्हणजे वेगळ्या रंगांची एक्का-राणी. ती रेजसाठी चांगली, पण थ्री-बेटपुढे वाईट. घट्ट रेंजविरुद्ध तिची इक्विटी पाव हिश्श्याच्या आसपास आहे, आणि खरा तोटा त्यापुढे होतो. फ्लॉपवर एक्का आला की तुम्ही खूश, पण पैसे देणारा समोरचा बहुधा एक्का-राजा किंवा एक्क्यांची जोडी घेऊन बसलेला असतो. राणी आली, तर राजा आणि एक्क्यांच्या जोड्या पुढे. जिंकता तेव्हा पॉट लहान, हरता तेव्हा मोठा. वेगळ्या रंगांतले एक्का-गुलाम आणि राजा-राणी यांचंही तसंच. एकरंगी पानांना मात्र फ्लॉपवर ११ टक्के वेळा फ्लश ड्रॉ मिळतो. ही छोटीशी जादा वाट असते, पण तिच्यामुळे मधल्या फेऱ्यांत डाव जिवंत राहतो.

छोट्या जोड्यांबद्दल जरा सविस्तर, कारण ‘सेट लागला तर सगळं घेऊ’ या वाक्यावर फार पैसे जातात. हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट, म्हणजे त्याच आकड्याचं तिसरं पान, लागण्याची शक्यता ११.८ टक्के. म्हणजे एकदा लागतो, तर साडेसात वेळा लागत नाही. बटनविरुद्ध ५ बीबीचा कॉल केला, तर दर लागलेल्या सेटमागे सरासरी ३७.५ बीबी परत यायला हवेत. पॉटमध्ये ११.५ आधीच आहेत, म्हणजे त्याच्या स्टॅकमधून, त्याच्यासमोर उरलेल्या रकमेतून, आणखी २६ काढावे लागतील, आणि तेही सरासरीने: ज्या वेळी त्याच्याकडे काहीच नसतं किंवा तुमचा सेट हरतो, त्या वेळा धरून. मोठ्या जोड्याच थ्री-बेट करणाऱ्याविरुद्ध हे जमतं. बिग ब्लाइंडच्या ११ बीबीविरुद्ध गरज ६४ ची होते, पॉटमधले १४ वजा जाता ५०. त्याच्याकडे फक्त ८९ उरलेले आहेत. तिथे सहा-सातच्या जोड्या टाका.

ब्लाइंडमधल्या समतोल खेळाडूविरुद्ध पोझिशन असल्यामुळे एकरंगी जुळती पानं थोडी जास्त चालतात, एकरंगी दश्शी-नऊसुद्धा अधूनमधून. फोर-बेटची साइझ तिथे २४ ते २५.

पाचवी पायरी: कॉल करण्याआधीच फ्लॉपनंतरचं ठरवा

बटनविरुद्ध कॉल केल्यावर पॉट १६.५ आणि प्रत्येकाकडे ९२.५. बिग ब्लाइंडविरुद्ध पॉट २२.५ आणि ८९. पहिल्या ठिकाणी स्टॅक पॉटच्या साडेपाच पट, दुसऱ्या ठिकाणी चार पट. म्हणजे साधारण तीन बेट्समध्ये सगळे पैसे आत जाऊ शकतात.

पोझिशन नसेल तर फ्लॉपवर सगळी रेंज चेक करा. पुढाकार त्याच्याकडे आहे आणि बहुतेक वेळा तो बेट करणारच आहे. त्याने पॉटच्या एक तृतीयांश, म्हणजे ५.५ बेट केली, तर कॉलला २० टक्के पुरतात. म्हणून दश्शी-सहा-दोनवर नऊची जोडी, किंवा एक्का-सात-दोनवर राणीची जोडी लगेच टाकू नका. एक बेट कॉल करायची. टर्नवर मोठी दुसरी आली, तर सोडायची. एक्का आणि राजा दोन्ही फ्लॉपवर असतील, तर मात्र लवकर बाहेर पडा, कारण ती पानं त्याच्या रेंजला जास्त लागतात.

फ्लॉपवर वरचं पान येण्याचं प्रमाण डोक्यात ठेवा: राणीच्या जोडीला ४१ टक्के, गुलामांच्या जोडीला ५७, दश्शीच्या जोडीला ७० टक्के. म्हणजे दश्शी कॉल करताना तुम्हाला वरचं पान दिसणार हे गृहीतच धरायचं. त्याला दचकून प्रत्येक वेळी पानं टाकणार असाल, तर तो कॉल मुळातच चुकीचा होता. एक्का-राजालाही फ्लॉपवर एक्का किंवा राजा मिळतो तो फक्त ३२ टक्के वेळा.

आता चांगल्या फ्लॉपवरचा डाव. तुमच्याकडे दश्शीची जोडी, फ्लॉप आठ-पाच-दोन, तीन वेगळ्या रंगांचा. चेक, तो ५.५, कॉल. पॉट २७.५. टर्नवर तिर्री आली, तो १८ बेट करतो: २८ टक्के लागतात. कॉल केला तर पॉट ६३.५ आणि मागे ६९ उरतात, आणि रिव्हरवर तो सगळे लावू शकतो. तिथे ३४ टक्के लागतील. हे तिन्ही आकडे पहिल्या कॉलच्या वेळीच समोर हवेत. घट्ट खेळाडूची टर्नवरची दुसरी मोठी बेट म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या दश्शीहून मोठी जोडी, तेव्हा टर्नवर सोडा. एक्का-राजा घेऊन तीनही फेऱ्या मारणाऱ्याविरुद्ध टर्नवर कॉल करा आणि रिव्हरवर एक्का-राजा चुकलेलाच राहील अशी पानं आली तर तिथेही.

नऊ-आठ-चारसारखे फ्लॉप तुमच्या बाजूचे. तुमच्याकडे नऊ आणि आठचे सेट, गुलाम-दश्शीचा दोन्ही टोकांचा स्ट्रेट ड्रॉ आणि मधल्या जोड्या जास्त असतात. त्याच्याकडे चुकलेले एक्का-राजा जास्त. तिथे ५.५ च्या बेटवर १७-१८ पर्यंत चेक-रेज करा, सेट आणि ड्रॉ दोन्हींनी.

ब्लाइंडविरुद्ध पोझिशन असताना काम हलकं आहे. तो चेक करतो तेव्हा चांगल्या जोडीवर अर्धा पॉट बेट करा. ड्रॉ असेल तर फुकटचं पान घ्यायलाही हरकत नाही.

मध्ये तिसरा खेळाडू असेल तर

तुमच्या रेजला कटऑफने कॉल केला आणि बिग ब्लाइंडने १३ केले. पॉट १८.५, तुमचा कॉल १०.५, गरज ३६ टक्क्यांची. पण तुमच्यानंतर कटऑफ अजून बोलायचा आहे. तो ऑल-इन गेला तर तुमचे १०.५ वाया. इथे यादी कमी करा. उलट, कुणी तुमच्या आधीच त्या थ्री-बेटला कॉल केला असेल आणि तुमच्या कॉलने फेरी बंद होत असेल, तर किंमत सुधारते. मधल्या जोड्या आणि एकरंगी जुळती पानं तेव्हा वधारतात. एका जोडीवर जिंकणारी पानं उतरतात.

स्टॅक १०० नसेल तेव्हा

टूर्नामेंटमध्ये एकूण १ बीबीची अँटी आणि ४० बीबीचा स्टॅक धरा. तुम्ही २.२ उघडले, बटनने ६.५ केले. ४.३ घालून १५.५ चा पॉट, गरज २८ टक्क्यांची, म्हणजे किंमत चांगली. पण मागे फक्त ३३.५ उरतात, पॉटच्या दुपटीहून थोडे जास्त. छोट्या जोडीला लागणारा मोबदला तिथे नाहीच. अशा स्टॅकवर दश्शी-गुलामांच्या जोड्या आणि एकरंगी एक्का-राणी कॉल करता येतात, पण चांगल्या फ्लॉपवर पानं टाकायची नाहीत हे ठरवूनच. २५ बीबीच्या खाली कॉल जवळजवळ संपतो आणि ऑल-इन किंवा फोल्ड एवढंच उरतं. बक्षिसाच्या जागा तोंडावर असतील, तर कॉलसाठी आणखी मजबूत पानं लागतात.

२०० बीबीवर सेटची किंमत वाढते, पण पोझिशन नसण्याचा तोटाही वाढतो. बटनविरुद्ध छोट्या जोड्या घ्या. राणीच्या जोडीवर मात्र सगळे २०० बीबी आत घालण्याची तयारी ठेवू नका.